नियम एकीला, सवलत दुसरीला

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्यातला प्रश्न इथे देते.

ताई शिवणकाम करतात आणि तालुक्याच्या महिला मंडळाच्या नवरात्रातल्या हस्तकला स्पर्धेत दरवर्षी टेडी बेअर ठेवतात. प्रवेशपत्रिकेवर तीन नियम छापलेले असतात: टेडी स्पर्धकाने स्वतः हाताने केलेला असावा, आराखडा स्वतःचा असावा आणि उंची 30 सेंटिमीटरच्या आत असावी. यंदा पहिलं बक्षीस मिळालेला टेडी उघडच या मापापेक्षा मोठा होता. शिवाय त्याचा चेहरा आपण ऑनलाइन विकत मिळणाऱ्या एका किटमध्ये पाहिला आहे, असं ताईंचं म्हणणं. त्यांनी नोंदणीच्या टेबलावर हळूच सांगितलं, तर उत्तर आलं, "जाऊ दे गो, पोर नवीन आहे, हिरमोड कशाला करायचा तिचा?" दोन वर्षांपूर्वी याच टेबलावरून बंदरावरच्या एका मावशींचा टेडी दोन सेंटिमीटर मोठा म्हणून परत पाठवला होता. मावशी त्यानंतर स्पर्धेला आल्या नाहीत. ताईंना यंदा दुसरा क्रमांक मिळाला आणि विजेती त्यांच्या जावेच्या भावाची मुलगी आहे. नवरा म्हणतो, गावात राहायचंय, गप्प बस. ताई विचारतात: मी बोलावं का? बोलले तर लोकांना तो माझा मत्सर वाटेल का? आणि पुढच्या वर्षी भाग घ्यावा की सोडून द्यावा?

ताई,

तुमच्या पत्रातला बहुतेक मजकूर यंदाच्या विजेतीबद्दल आहे. तिचा टेडी, त्या टेडीचा चेहरा, तिचं बक्षीस. बंदरावरच्या मावशी त्यात जेमतेम चार ओळींत येऊन जातात. पण पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनातून हटेनात त्या मावशीच. तुमच्या तक्रारीचा खरा गाभा तिथे आहे असं मला वाटतं, आणि तो का, ते सांगण्याआधी बाकीच्या दोन गोष्टी बाजूला काढायला हव्यात. चेहरा, उंची आणि मावशी हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तुम्ही ते एका दमात लिहिलेत, कारण रागात तसंच होतं. मंडळासमोर मात्र एका दमात मांडलेत, तर सगळ्यात कच्चा मुद्दा धरून तुमचं सगळंच म्हणणं उडवून लावतील.

सगळ्यात कच्चा मुद्दा म्हणजे चेहरा. तुमची सगळ्यात जास्त खात्री त्याच्याबद्दल आहे हे मला दिसतंय. पण तुम्ही स्वतः शिवता, तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे की टेडीचा चेहरा मोजक्या गोष्टींवर ठरतो. दोन गालांचे तुकडे आणि कपाळावरून नाकापर्यंत उतरणारी मधली पट्टी. पट्टी नाकाशी अरुंद केली की तोंड निमुळतं, रुंद ठेवली की गोबरं. डोळे पट्टीच्या शिवणीवर बसवले की एक भाव, जरा बाहेर सरकवले की तोच टेडी लहान बाळासारखा दिसतो. एवढ्यातच सगळा खेळ असल्यामुळे दोघींनी एकमेकींचं काहीही न पाहता केलेले टेडी सख्खे वाटू शकतात.

टेडीचा जन्मही असाच दोन ठिकाणी झाला. 1902 च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ 'टेडी' रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते, तिथे झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमध्ये छापून आलं. ते पाहून ब्रुकलिनमधल्या मॉरिस आणि रोझ मिचटम या दुकानदार जोडप्याने कापडी अस्वल शिवून दुकानाच्या काचेत मांडलं, 'टेडीचं अस्वल' म्हणून. त्याच सुमाराला जर्मनीतल्या गिंगेन गावी रिचर्ड श्टाइफ हातपाय हलणारं अस्वल आखत होते, आणि 1903 मध्ये ते लाइपझिगच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडलं गेलं. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं, याला कुठलाही पुरावा नाही. मध्ये अख्खा समुद्र होता. त्यामुळे "मी हा चेहरा पाहिलाय" एवढ्यावर एका मुलीला नक्कल केली म्हणणं मला पटत नाही.

साम्य दिसलं तर चौकशी करायला हरकत नाही, फक्त ती योग्य वेळी आणि योग्य माणसाने करायला हवी. पुरा झालेला, पाठ शिवून बंद केलेला टेडी हातात घेऊन आराखडा कुणाचा हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. किटमधल्या कापडाच्या मागच्या बाजूला छापील रेघा असतील, किंवा तुकडे कापूनच आले असतील, पण ते आता आत गेलं, त्यावर फायबर भरला गेला. बाहेर उरतात ते कागद. जिने स्वतः आखलंय तिच्याकडे ते असतातच: खोडलेल्या रेघा, फरची लव कुठल्या दिशेने जाते त्याचे बाण, "इथे अर्धा सेंमी कमी" अशा नोंदी, एखादं फसलेलं डोकं पिशवीच्या तळाशी. नोंदणीच्या वेळी एवढं दाखवायला सांगितलं की प्रश्न मिटतो. तुमच्या मंडळाने सांगितलं होतं का? तुम्ही पाठवलेल्या प्रवेशपत्रिकेच्या फोटोत तरी तशी जागा मला दिसली नाही. "आराखडा स्वतःचा असावा" असं छापलंय, पण "आराखडा कुठून घेतला?" असा प्रश्न नाही, खाली सहीची ओळही नाही. मग त्या मुलीने खोटं सांगितलं असं आपण कसं म्हणणार? तिला कुणी विचारलंच नाही.

किट वापरण्यात कमीपणा नाही, हेही सांगायला हवं, कारण तुमच्या पत्रात किटचा उल्लेख जरा तुच्छतेने आला आहे. किटवरून शिकणं हा चांगला रस्ता आहे. गावात टेडी शिकवायला कोण बसलंय? फरचं कापडसुद्धा इथे धड मिळत नाही. ज्यांचं कुणी मुंबईला आहे त्या मंगळदास मार्केटमधून मागवतात, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून ते येतं. बाकीच्या जुनी शाल नाहीतर ब्लँकेट कापतात. अशा ठिकाणी एखाद्या मुलीने किट मागवून, स्वतः शिवून, स्वतः भरून टेडी उभा केला असेल तर ते कौतुकाचंच काम आहे. फक्त ते "स्वतःचा आराखडा" या गटातलं काम नाही. परदेशातल्या टेडी करणाऱ्यांच्या अनेक स्पर्धांत हा भेद काटेकोर पाळतात. स्वतः आखलेल्यांचा गट वेगळा आणि विकतच्या पॅटर्नवरून केलेल्यांचा, असला तर, वेगळा. तुमच्याकडेही दोन गट झाले, तर त्या मुलीला लपवावंसं वाटेल असं काही उरणारच नाही.

"स्वतः हाताने" या शब्दांचंही तसंच. मशीनवर टीप मारलेला टेडी हाताने केलेला म्हणायचा की नाही? मी म्हणेन, म्हणायचा. आतल्या शिवणी मशीनवर घालणाऱ्या चांगल्या कारागीर पुष्कळ आहेत. हाताची खरी परीक्षा असते शेवटच्या पाठीच्या शिवणीत, नाकाच्या भरतकामात, शिवणीत अडकलेले केस सुईने एकेक बाहेर काढण्यात. आणि घरातल्यांनी मदत केली तर? सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी बघा, घरातल्या अनेकांचे हात त्यांना लागतात आणि म्हणून ती कुणी कमी हस्तकलेची मानत नाही. तरी स्पर्धा एकीच्या नावावर असेल तर मदत कुठवर चालेल हे लिहिलेलं असावं. कुणी कापूस पिंजून दिला तर चालेल, कुणी डोकं शिवून दिलं तर नाही, इतकं साधं. लिहिलेलं नसेल तर प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ लावणार, आणि त्यात वाईट हेतू असायलाच हवा असं नाही.

आता उंची. इथे तुमचा मुद्दा भक्कम आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. 30 सेंटिमीटर म्हणजे कुठून कुठपर्यंत? टेडी उभा धरून की बसवून? कान धरून की कान सोडून? गंमत म्हणून विचारत नाहीये. मध्यम टेडीचे कान डोक्याच्या वर सहज दोन-तीन सेंटिमीटर जातात. मावशींचा टेडी ज्या दोन सेंटिमीटरने बाद झाला, ते कानांचे तर नव्हते ना? पाय सांध्यांवर फिरणारे असतील तर तळवे सरळ धरले की माप वेगळं, वाकवले की वेगळं. भरण सैल असेल तर ती बसते आणि महिन्याभरात टेडी किंचित बुटकाही होतो. नियमाच्या ओळीत यातलं काहीही नाही. मग मावशींचा टेडी मापणारीने स्वतःच्या मनाने मापला आणि यंदाच्या मुलीचा मापलाच नाही. दोन्ही वेळा निर्णय नियमाने दिला नाही, टेबलावर बसलेल्या बाईने दिला.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे, ताई. तुमच्यावर अन्याय झाला की नाही हे मला नीटसं सांगता येत नाही. परीक्षकांनी कुठल्या गुणांवर पहिला आणि दुसरा ठरवला हे आपल्याला माहीत नाही. पण मावशींवर अन्याय झाला, हे मी ठामपणे म्हणते, आणि तो त्या दिवशी पुरा झाला नव्हता. तो यंदा पुरा झाला. दोन सेंटिमीटरसाठी मावशींना परत पाठवलं तेव्हा त्या मनाशी म्हणू शकत होत्या, ठीक आहे, नियम म्हणजे नियम, माझंच माप चुकलं. यंदा त्याच टेबलावरून "जाऊ दे गो" आलं, आणि मावशींच्या हातून ते समाधानही गेलं. नियम कडक असला तरी माणूस तो पचवतो. तो आपल्यापुरताच कडक होता हे कळलं की पचत नाही.

"पोर नवीन आहे, हिरमोड नको" हे वाक्य बोलणारी बाई वाईट नाही, हे मला मान्य आहे. किंबहुना बऱ्याच मंडळांत असंच चालतं, आणि ते मायेपोटीच चालतं. पण ही माया कुणाच्या खिशातून खर्च झाली? नियमात बसण्यासाठी ज्यांनी आपला टेडी लहान आखला, त्यांच्या खिशातून. मोठ्या टेडीला चेहऱ्यावर काम करायला जागा जास्त मिळते, टेबलावर नजरही आधी त्याच्याकडे जाते. आपल्याकडच्या अंडरआर्म क्रिकेटमध्ये चौकाराची दोरी कुठे बांधायची ते नाणेफेकीआधी ठरतं. एखादा पोरगा नवखा आहे म्हणून त्याच्यापुरती दोरी आत ओढत नाहीत, त्याने मारलेल्या चांगल्या फटक्याला टाळ्या देतात. नव्या मुलींना उमेद द्यायचीच असेल तर आपल्याकडे उत्तेजनार्थ बक्षीस नावाची सुंदर सोय आहे. पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांसाठी ते खास राखून ठेवा. पहिलं बक्षीस त्यासाठी वापरू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मत्सर दिसेल का. दिसेल. काहीजणींना नक्की दिसेल, आणि थोडा तो असेलही. दुसरा क्रमांक आलेल्या बाईने पहिल्या क्रमांकाबद्दल बोलायचं म्हणजे हे होणारच. त्यावर "मला बक्षिसाचं काही नाही हो" असं म्हणत सुरुवात करू नका. ते कुणालाच खरं वाटत नाही आणि तुमच्या पत्रावरून मलाही वाटलं नाही. उलट आधीच सांगून टाका: माझा दुसरा नंबर आलाय, मला वाईट वाटलंय, तरीही मी जे सांगतेय ते तपासून बघा, कारण ते माझ्यापुरतं नाही. आणि लगेच सांगा की निकाल बदला असं मी मागत नाही. हे दुसरं वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तर ते येईपर्यंत थांबा. दिवाळी होऊन जाऊ द्या. नवरात्राच्या मंडपात, फोटो निघत असताना, विजेती शेजारी उभी असताना बोलण्यासारखी ही गोष्ट नाही.

निकाल बदलायची मागणी का करायची नाही, हे तुम्हाला खटकेल. नियम मोडला तर बक्षीस परत घ्यावं, हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. नोंदणीच्या वेळी तिने सही करून आराखडा माझाच म्हटलं असतं आणि ते खोटं ठरलं असतं, तर मी स्वतः म्हटलं असतं, परत घ्या, आणि तिच्या वयाकडे बघून गप्प बसू नका. पण इथे मंडळाने तिचा टेडी मापला नाही, तिला काही विचारलं नाही, तुम्ही सांगितल्यावरही तो टेबलावर राहू दिला आणि परीक्षकांपुढे जाऊ दिला. आता बक्षीस काढून घेतलं तर मंडळाच्या ढिलाईची शिक्षा एका मुलीला होईल, आणि तीही सगळ्या गावासमोर. लहान गावात अशी गोष्ट वर्षानुवर्षं माणसाच्या नावाला चिकटून राहते. चूक टेबलाची आहे, तेव्हा दुरुस्तीही टेबलानेच करावी.

म्हणून मंडळाच्या अध्यक्षांना एक पत्र द्या, लेखी आणि शांत. तोंडी सांगितलं की ते "अमकी अशी म्हणत होती" होऊन फिरतं. पत्रात विजेतीचं नाव नको, चेहऱ्याचा मुद्दा तर मुळीच नको. साधारण असं लिहा: "प्रवेशपत्रिकेवर उंचीची मर्यादा 30 सेंमी दिली आहे. दोन वर्षांपूर्वी या नियमाने एक प्रवेशिका बाद झाली. यंदा या नियमाची तपासणी झाल्याचे दिसले नाही. दोन्ही वर्षी नियम एकच असल्याने मंडळाने पुढील गोष्टी स्पष्ट कराव्यात ही विनंती: उंची कशी मोजायची, ती कोणी व केव्हा मोजायची, आणि प्रवेशिका मापात बसत नसेल तर स्पर्धकाला काय पर्याय असेल. यंदाचा निकाल बदलावा अशी माझी मागणी नाही. मीही स्पर्धक होते हे येथे नमूद करते." खाली सही, तारीख. एवढंच. शक्य असेल तर आणखी दोघी-तिघींच्या सह्या घ्या, पण सह्या गोळा करायला घरोघर फिरू नका, ती मोहीम होते.

हे पत्र देण्याआधी जावेला सांगा. परवानगी म्हणून नाही, तिला बाहेरून कळू नये म्हणून. तिच्या भाचीला पत्राबद्दल कुणीतरी सांगणारच आहे, आणि सांगणारी मीठमसाला लावून सांगेल. "वहिनी, मी मंडळाला मापाच्या नियमाबद्दल लिहितेय, तुमच्या भाचीचं नाव त्यात नाही, बक्षीस तिचंच आहे," हे तुमच्या तोंडून आधी गेलं, तर पुढच्या लग्नात पंगतीला एकमेकींशेजारी बसता येईल. तुमच्या यजमानांची काळजी मला समजते, गावात राहायचंय हे खरंच आहे. पण गावात मावशींनाही राहायचंय. त्या गप्प बसल्या आणि घरी बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याने कुठलं नातं वाचलं?

आणि मुलीशी एकदा बोलायला हवं असं वाटत असेल, तर तिला आराखड्याबद्दल खोदून विचारू नका. तिच्या टेडीतलं जे खरंच आवडलं ते सांगा. नाक छान भरलं असेल, सांधे घट्ट असतील. मग म्हणा, पुढच्या वेळी डोक्याची पट्टी आपण मिळून आखू. ती किटवर शिकली असेल तर हे ऐकून तिला हलकं वाटेल, आणि तिने स्वतः आखलं असेल तर ती तिचे कागद आणून दाखवेल. मग तुमचाच गैरसमज जाईल.

मावशींकडे मात्र मंडळाने जायला हवं. तुमच्या पत्राचं उत्तर म्हणून अध्यक्षांनी काहीच केलं नाही तरी चालेल असं मी म्हणू शकेन, पण एवढं त्यांनी करावं असं मला फार वाटतं. बंदरावर, त्यांच्या घरी जाऊन सांगावं: त्या वर्षी माप कसं घ्यायचं ते आम्ही लिहिलं नव्हतं, तुमचा टेडी आम्ही परीक्षकांपुढे ठेवायला हवा होता, पुढच्या वर्षी या. यात मंडळाची मान खाली जात नाही. अध्यक्षा तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, पण माफी मंडळाच्या वतीने मागू नका, ती तुमची नाही. तुम्ही फक्त सांगा की तुमचा टेडी परत गेलेला मी पाहिला होता आणि ते मला विसरता आलेलं नाही.

हे उत्तर तुमच्यासारख्या इतर मंडळांतल्या बायकाही वाचतील, म्हणून नोंदणीच्या टेबलाबद्दल थोडं सविस्तर. नियमांवरून होणाऱ्या बहुतेक कटकटी निकालानंतर होतात, कारण तपासणी निकालानंतर होते. ती आधी हवी. पुठ्ठ्याला 30 सेंमीची खाच पाडून टेबलावर ठेवा. टेडी उभा, तळवे सरळ, कान सोडून, ही ओळ त्या पुठ्ठ्यावरच लिहा. टेडी खाचेत गेला तर आत, नाही गेला तर नाही, मापणारीचं नातं कुणाशीही असो. मोठ्या टेडींसाठी एक खुला गट ठेवला की कुणालाच परत पाठवावं लागत नाही, गट बदलतो फक्त. हे परत पाठवणंच सगळ्यात जास्त लागतं, आणि ते थोड्या विचाराने टाळता येतं. नोंदणी आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे ज्यांना गट बदलायचा आहे त्यांना रात्रभर विचार करता येईल.

प्रत्येक टेडीला क्रमांक द्या आणि नाव झाका. हल्ली कित्येकजणी टेडीच्या कुशीला आपलं नाव किंवा चिन्ह असलेली कापडी पट्टी शिवतात, श्टाइफ कंपनी 1904 पासून आपल्या खेळण्यांच्या कानात बटण लावते तशी ओळख म्हणून. लावू द्या, पण परीक्षणापुरती त्यावर चिकटपट्टी लावा. परीक्षक शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला बोलवा. गावातलीच कुणी शिवणशिक्षिका परीक्षक असेल तर स्पर्धकांत तिच्या विद्यार्थिनी असणारच, त्यात तिचा दोष नाही, पण तिलाही अवघड जातं. गुणांचा कागद आधी छापा: शिवण, दोन्ही डोळे आणि कान समतोल आहेत का, सांधे फिरतात पण लोंबत नाहीत ना, भरण सारखी आहे का, चेहऱ्यात काही वेगळेपण आहे का. परीक्षकाने टेडी हातात घेऊन बघावा, नुसता टेबलावरून नाही. साधा कापूस भरलेला असेल तर आपल्या हवेत पावसाळ्यात तो दमटतो आणि कुबट वास येतो. नवरात्रातही तो वास कधीकधी राहिलेला असतो, तेव्हा त्याचे गुण कापायचे की नाही हेही आधीच ठरवा. हरकत घ्यायची असेल तर ती परीक्षण सुरू होण्याआधी, लेखी, ही वेळ जाहीर करा. निकालानंतर आलेली हरकत फक्त पुढच्या वर्षाच्या नियमांसाठी धरायची.

आणि प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहा. याचा उपयोग फार होतो. समजा मंडळाने ठरवलं की स्पर्धेनंतर टेडी अंगणवाडीला द्यायचे, म्हणून डोळ्यांना मणी आणि बटणं नकोत, दोऱ्याने भरलेले डोळेच हवेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटून घशात अडकतील असे बारीक भाग नकोत, हे आयएस 9873 या भारतीय मानकातही आहे. हा नियम कुणी नवीन आहे म्हणून सैल करायची कुणाची छाती होणार नाही, कारण तो कशासाठी आहे हे सगळ्यांना दिसतं. आता 30 सेंटिमीटर कशासाठी? मला वाटतं, मांडणीचं टेबल लहान असेल म्हणून कधीतरी कुणीतरी तो आकडा घातला असेल. कारण तेवढंच असेल तर दोन सेंटिमीटरसाठी मावशींना परत पाठवायची मुळात गरजच नव्हती. कारण दुसरं काही असेल, सगळ्यांना सारखं कापड लागावं असं, तर मग यंदा सूट द्यायला नको होती. नियम कडक ठेवायचा की सैल हे त्याच्या कारणावरून ठरतं, समोर कोण उभं आहे त्यावरून नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या वर्षी भाग घ्यावा का. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी माझा टेडी घरीच ठेवीन, बघायला या म्हणावं." हे करू नका. तुम्ही निघून गेलात तर मावशींनंतर तुम्ही, आणि टेबल आहे तसंच राहील. अध्यक्षांचं उत्तर आलं आणि माप कसं घ्यायचं एवढं जरी पत्रिकेवर छापलं गेलं, तर बिनघोर भाग घ्या, मग पहिली कुणीही येवो. उत्तर आलंच नाही, तर एक वर्ष टेडी न ठेवता नोंदणीच्या टेबलावर मदतीला बसायची तयारी दाखवा. मंडळांना काम करणारी माणसं कधीच पुरत नाहीत, नाही म्हणणार नाहीत. ते काम करायचं तर त्या वर्षी स्पर्धक व्हायचं नाही, हे तुम्ही स्वतःहून सांगा. पुठ्ठ्याची खाच तुम्ही कापा, आणि मापायला दुसरीला बसवा.